मास्कमधला वास नेमका कुठला?

स्लीप ॲप्नियासाठी रात्री सीपॅप यंत्र लावून झोपणाऱ्यांच्या नेहमीच्या तक्रारी ठरलेल्या असतात. मास्क रुततो, तोंड कोरडे पडते, नळीत पाणी साचते. त्यांची उत्तरे विक्रेत्यालाही पाठ असतात. एक तक्रार मात्र सांगताना रुग्णच ओशाळतो. मास्क लावला की कसला तरी वास येतो. कधी प्लास्टिकसारखा, कधी कुबट, कधी औषधी, कधी किंचित जळकट. मास्क काढला की तो जातो आणि शेजारी झोपलेल्या माणसाला तर तो येतच नाही. विक्रेता म्हणतो, नवीन आहे, जाईल हळूहळू. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत रक्तदाब, वजन, यंत्र किती तास चालले याचे आकडे बघण्यातच वेळ संपतो आणि वासाचा विषय निघतच नाही. मग एखाद्या रात्री यंत्र लावले जात नाही, नंतर आठवडाभर नाही, आणि शेवटी ते कपाटाच्या वरच्या खणात जाते.

ही गोष्ट किरकोळ वाटते, पण यंत्र कपाटात गेल्याचे परिणाम किरकोळ नसतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग वारंवार बंद होतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा करतो आणि हे रात्रभर चालते. रक्तदाब, हृदयाचे ठोके, मधुमेह, दिवसा गाडी चालवताना लागणारी डुलकी, सगळे त्याला जोडलेले आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शहरी मध्यमवयीन पुरुषांपैकी साडेसात टक्क्यांना लक्षणांसह हा आजार आढळला होता. दिल्लीच्या ‘एम्स’मधील संशोधकांनी २०२३ मध्ये देशभरातील अभ्यास एकत्र करून काम करण्याच्या वयातील सुमारे १० कोटी भारतीयांना तो असावा, असा अंदाज मांडला. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी कारण म्हणून याच आजाराचे नाव घेतले आणि ‘घोरणे म्हणजे गाढ झोप’ या समजुतीला पहिल्यांदा जाहीर धक्का बसला. इतके मोठे दुखणे आणि त्यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय एका वासापायी सुटत असेल, तर तो वास शोधून काढायलाच हवा.

त्यासाठी यंत्र काय करते ते आधी बघावे लागते. ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये हा उपाय पहिल्यांदा रुग्णावर वापरला आणि १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो मांडला. त्यानंतर यंत्र लहान झाले, आवाज कमी झाला, पण तत्त्व तेच राहिले. आत एक पंखा असतो. तो खोलीतली हवा ओढतो, थोड्या दाबाने नळीतून मास्कमध्ये ढकलतो आणि त्या दाबाने घसा उघडा राहतो. यंत्र प्राणवायू तयार करत नाही आणि हवा शुद्धही करत नाही. मागच्या किंवा बाजूच्या जाळीतून जे आत शिरते, तेच नाकापर्यंत येते.

इथेच बहुतेकांची गफलत होते. माणूस उशीवर डोके ठेवून झोपलेला असतो, पण तो श्वास घेत असतो यंत्राच्या पाठीमागून. यंत्र कुठे ठेवलेले असते? पलंगाशेजारच्या छोट्या टेबलावर, कधी खाली फरशीवर, कधी पलंगाच्या कप्प्यात. त्याच टेबलावर, त्याच प्लगच्या शेजारी डास मारणारे लिक्विड मशीन लावलेले असते. शेजारी झोपलेल्या माणसाच्या नाकाशी त्याचा वास विरून विरून येतो, यंत्र मात्र तो वीतभर अंतरावरून उचलते. मास्कमधली शिळी हवा बाहेर जावी म्हणून त्याला मुद्दाम बारीक छिद्रे ठेवलेली असतात आणि दाबानुसार त्यांतून मिनिटाला साधारण २० ते ४० लिटर हवा सतत निसटत असते. ३० लिटर धरले तरी आठ तासांत १४ हजार लिटरांवर हवा नाकाजवळून वाहून जाते. दहा बाय बाराच्या, साडेनऊ फूट उंचीच्या खोलीत मिळून ३२ हजार लिटर हवा असते. म्हणजे खोलीतली जवळपास निम्मी हवा रात्रभरात एका चेहऱ्यासमोरून जाते. शेजाऱ्याला न येणारा वास रुग्णाला येतो, यात भास असण्याचे काही कारण नाही.

आणि फिल्टर? सीपॅपला फिल्टर असतो, पण तो धुळीचा. परागकण, कापसाचे तंतू, बांधकामाची धूळ तो अडवतो. वास म्हणजे हवेत मिसळलेले वायुरूप रेणू. ते या जाळीतून विनासायास जातात. वायू पकडायला सक्रिय कोळशाचा थर लागतो आणि घरगुती सीपॅपमध्ये तो सहसा नसतो. फिल्टर स्वच्छ आहे, तरी वास येतोच कसा, या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. उलट फिल्टर महिनोन्‌महिने बदलला नसेल, तर त्यात साठलेली दमट धूळच वासाचे घर बनते.

ठाण्यातल्या कोलशेतचे उदाहरण इथे नेमके लागू पडते. एके काळी कोलशेत रोड म्हटले की रंग आणि रसायनांचे कारखाने आठवत. सॅन्डोझ, पुढे क्लॅरिअंट, बायर. त्या जमिनी निवासी संकुलांना गेल्या आणि कारखान्यांच्या भोंग्याच्या जागी टॉवर आले. एका बाजूला उल्हास नदीची खाडी, खारफुटी आणि चिखल, दुसऱ्या बाजूला बाळकुम, ढोकाळी, कापूरबावडीची वाहतूक आणि मध्ये कधी न संपणारे बांधकाम. नव्या घरात प्लायवूडचे कपाट, ताजा रंग, पॉलिश, सोफ्याचा फोम. प्लायवूड चिकटवण्याच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड महिनोन्‌महिने हळूहळू सुटत राहते आणि उकाडा, दमटपणा वाढला की जास्त सुटते. एसी लावून खिडक्या बंद केल्या की ते खोलीतच फिरते. खिडकी उघडावी, तर ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलातून हायड्रोजन सल्फाइड येतो, कुजक्या अंड्याच्या वासाचा. त्याच्याबाबत नाक कमालीचे तिखट असते. अब्ज भागांत एखादा भाग असला, तरी ते ओळखते, म्हणजे अपायाच्या पातळीच्या कितीतरी खाली. वास आला म्हणजे विष आले असे नाही, हे खाडीकाठच्या माणसाला अनुभवाने ठाऊक असते. ते मास्क लावल्यावरही खरे आहे.

उलटे मात्र गृहीत धरता येत नाही. हवेचा निर्देशांक ‘समाधानकारक’ दाखवतो म्हणून वास निरुपद्रवी ठरत नाही. भारताचा हवा गुणवत्ता निर्देशांक आठ घटकांवर बेतलेला आहे. दोन आकारांचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. हायड्रोजन सल्फाइड त्यात नाही. रंग, द्रावणे, रसायने यांतून उडणारी सेंद्रिय वाफ त्यात नाही. मोबाइलवर हिरवा आकडा दिसत असताना नाकाला झोंबणारा वास येणे त्यामुळे अगदी शक्य आहे. ठाणे जिल्ह्यातल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. डोंबिवलीकरांनी जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस आणि फेब्रुवारी २०२० मध्ये गुलाबी रस्ता पाहिला. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतून वायू पसरला आणि परिसरातल्या लोकांना श्वास घ्यायला त्रास झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथवर रासायनिक धुराची चादर पसरली. या भागातला रासायनिक दर्प बहुधा रात्रीच जाणवतो, त्यामागे हवामानाचेही कारण आहे. वारा पडतो, जमिनीलगतची हवा थंड होऊन बसते, वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी राहते आणि दिवसा विरून गेले असते ते खालीच साचते. हिवाळ्यात हे जास्त होते. सीपॅप वापरणारा माणूस नेमका त्याच वेळी, सहा-आठ तास, धुळीच्या फिल्टरमधून तीच हवा घेत असतो.

म्हणून वासाचा शोध यंत्रापासून नव्हे, खोलीपासून सुरू करावा. संध्याकाळी दहा मिनिटे यंत्र दिवाणखान्यात नेऊन चालवले आणि वास गेला, तर दोष शयनगृहाचा. गेला नाही, तर यंत्राचा, नळीचा, मास्कचा किंवा नाकाचा. टाकी रिकामी व कोरडी करून, उष्णता बंद ठेवून पुन्हा बघावे. वास गेला तर तो पाण्याचा. मास्क वेगळा काढून हुंगावा. आणि हे सगळे बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाकडून करवून घ्यावे, कारण सतत येणाऱ्या वासाला नाक काही मिनिटांत सरावते आणि रुग्णाचे स्वतःचे नाक या कामात लवकर फितूर होते.

घरातले गुन्हेगार बहुतेकदा फार साधे निघतात. गावी जाताना यंत्र कपाटात ठेवलेले असते, डांबरगोळ्यांच्या शेजारी. मास्कचे सिलिकॉन आणि नळीचे प्लास्टिक तो वास शोषून घेते आणि पुढे कितीतरी दिवस थोडा थोडा सोडत राहते. रात्री केसांना तेल लावण्याची सवय असेल, तर डोक्याभोवतीच्या पट्ट्या ते पितात आणि महिन्याभरात खवट होतात. चेहऱ्याचा तेलकटपणा मास्कच्या गादीवर बसतो, तोही खवटतो. पट्ट्या धुवायच्या असतात, हे अनेकांना कुणी सांगितलेलेच नसते. मास्क स्वच्छ करायचा म्हणून डेटॉल, सॅव्हलॉन, हाताचे सॅनिटायझर, सुवासिक साबण वापरला जातो आणि मग रात्रभर तोच वास नाकात घुमतो. कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण, नंतर सावलीत वाळवणे, याहून जास्त काही लागत नाही.

टाकीतले पाणी हा स्वतंत्र विषय आहे. कालचे उरलेले पाणी तसेच ठेवून वर आज भर घातली की काही दिवसांत बुळबुळीत थर धरतो, कधी गुलाबीसर. कुबट, मातकट वास तिथून येतो. रोज सकाळी टाकी ओतून, धुऊन, उघडी वाळवावी. कंपन्या ‘डिस्टिल्ड’ पाणी वापरा म्हणतात, म्हणून काही जण बॅटरीत घालायचे पाणी आणतात. ते बॅटरीसाठी बनवलेले असते, श्वासासाठी नाही. औषधाच्या दुकानातले चांगले. ते नसेल, तर नेमके कोणते पाणी चालेल ते यंत्राच्या पुस्तिकेत बघावे, आणि अडलेच तर उकळून गार केलेले. सर्दी झाली म्हणून टाकीत निलगिरीचे दोन थेंब किंवा बाम टाकण्याचा घरगुती उपाय तर कटाक्षाने टाळावा. तेलाचे सूक्ष्म थेंब दाबाने फुप्फुसात गेले, तर वेगळ्याच प्रकारचा न्यूमोनिया होऊ शकतो.

जळकट वास हा मात्र शोध घेण्याचा विषय नाही. वायर, मोटर किंवा पाणी तापवणाऱ्या पट्टीचा वास वाटला, की यंत्र बंद करून प्लग काढावा आणि तपासणी होईपर्यंत लावू नये.

एवढे सगळे बघूनही वास उरला, तर यंत्राच्या पोटातल्या फोमकडे यावे लागते. तो नुसता संशय नाही, त्याला इतिहास आहे. १४ जून २०२१ रोजी फिलिप्स कंपनीने आपली लक्षावधी सीपॅप, बायपॅप यंत्रे आणि व्हेंटिलेटर परत मागवण्याची घोषणा केली. पंख्याचा आवाज दाबण्यासाठी आत पॉलिएस्टर-पॉलियुरेथेनचा फोम बसवलेला होता. तो झिजून काळे कण हवेच्या वाटेत येऊ शकतात आणि त्यातून रसायनांची वाफही सुटू शकते, असे कंपनीने स्वतःच कळवले. एप्रिल २०२१ अखेरपूर्वी बनलेली ‘ड्रीमस्टेशन’च्या पहिल्या पिढीतली यंत्रे त्यात मोठ्या संख्येने होती. त्या सूचनेतली एक ओळ कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. जास्त उष्णता आणि जास्त दमटपणा असेल, तिथे हा फोम लवकर विघटित होऊ शकतो. या फोमचे बंध पाण्याच्या वाफेनेच तुटतात. ठाण्याचा जून ते सप्टेंबर म्हणजे त्यासाठी जणू प्रयोगशाळाच.

पुढे काय झाले ते गुंतागुंतीचे आहे. कंपनीने नंतरच्या चाचण्यांच्या आधारे सांगितले, की बहुतेक यंत्रांतून येणारी वाफ आणि कण अपायाच्या मर्यादेखाली आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला त्या चाचण्या पुरेशा वाटल्या नाहीत. जानेवारी २०२४ अखेर त्या प्रशासनाकडे या यंत्रांबाबत १ लाख १६ हजारांहून अधिक अहवाल जमा झाले होते आणि त्यांपैकी ५६१ मृत्यूंशी संबंधित होते. अहवाल म्हणजे पुरावा नव्हे, फोममुळेच मृत्यू झाला असे त्यातून सिद्ध होत नाही, हे प्रशासनही सांगते. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी न्यायालयाच्या देखरेखीखाली कंपनीवर उत्पादनाचे निर्बंध आले आणि आरोग्याच्या दाव्यांपोटी तिने १.१ अब्ज डॉलरची तडजोड केली, दोष मान्य न करता. तात्पर्य काढायचे तर रुग्णाच्या बाजूने एवढेच निघते, की ‘वास येतो’ म्हणणारे सगळेच वहमी नव्हते.

याच प्रकरणात ओझोनचाही उल्लेख आला. मास्क आणि यंत्र निर्जंतुक करण्याच्या नावाखाली ओझोन सोडणाऱ्या पेट्या विकल्या जातात. कोविडनंतर भारतातही त्यांची जाहिरात वाढली. ओझोनने फोमची झीज वेगाने होऊ शकते, असे कंपनीच्या सूचनेत होते. त्याआधीच, फेब्रुवारी २०२० मध्ये, अमेरिकी प्रशासनाने या पेट्यांना आपली मान्यता नसल्याचे बजावले होते. त्या वापरून खोकला, श्वास लागणे, डोकेदुखी, दम्याचा झटका आल्याच्या तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. पावसानंतरच्या विजेसारखा किंवा झेरॉक्सच्या दुकानासारखा तिखट वास मास्कमध्ये येत असेल आणि घरात अशी पेटी असेल, तर कारण समोरच आहे.

क्वचित वास यंत्राचा नसून नाकाचाच असतो. सायनसमधला जंतुसंसर्ग, हिरड्यांचा पू, घशात मागे उतरणारा कफ यांचा वास एरवी जाणवत नाही, दाबाची हवा तो हलवते. कोविडनंतर अनेकांना नसलेला धूर, नसलेली सडकी चव जाणवू लागली. मास्क काढूनही वास राहत असेल, एकाच नाकपुडीत येत असेल, झटक्यासारखा येऊन जात असेल, तर यंत्र बदलून उपयोग नाही, कान-नाक-घशाच्या किंवा मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे जायला हवे.

अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात झोपलेल्या माणसांना पुदिन्याचा आणि पिरिडीन या उग्र रसायनाचा वास दिला. झोप लागत असतानाच्या पहिल्या टप्प्यात ते जागे झाले, त्यापुढच्या झोपेत बहुतेक वेळा नाही. नाक रात्री पहारा देत नाही. झोपण्यापूर्वीच्या पहिल्या पाच मिनिटांत आणि जागे झाल्यावर लगेच जे जाणवते, तेवढीच माहिती रुग्णाच्या हाती असते. म्हणून ती लिहून ठेवण्यात अर्थ आहे. तारीख, वेळ, कसला वास, खिडकी उघडी की बंद, एसी चालू की नाही, त्या दिवशी फवारणी किंवा रंगकाम झाले का, सकाळी डोके दुखले का, मास्कमध्ये किंवा नळीत काळे कण दिसले का. अशी आठ-दहा दिवसांची वही घेऊन गेलेल्या रुग्णाला ‘जाईल हळूहळू’ असे सांगणे विक्रेत्याला जड जाते.

तक्रार करायची कुठे, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. उपकरणांमुळे होणाऱ्या त्रासाची नोंद घेणारी राष्ट्रीय यंत्रणा त्याच्याही आधीपासून, जुलै २०१५ पासून, गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात चालते. रुग्ण स्वतः तिथे कळवू शकतो, १८००-१८०-३०२४ हा तिचा विनाशुल्क क्रमांक आहे. अमेरिकेत लाखावर अहवाल जमले ते लोकांनी कळवले म्हणून. आपल्याकडे रुग्ण विक्रेत्याला फोन करतो, विक्रेता फिल्टर बदलून देतो आणि प्रकरण तिथेच मिटते. ठाण्यातल्या दमट हवेत कोणत्या यंत्राचा फोम किती वर्षांत झिजतो, याचा हिशेब मग कुणाच्याही वहीत चढत नाही. बाहेरच्या हवेतला दर्प असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि महापालिकेकडे वेळ, जागा आणि वाऱ्याची दिशा नोंदवून तक्रार करावी. नुसते ‘वास येतो’ यावर सकाळी आलेल्या निरीक्षकाला काहीच सापडत नाही.

शोध चालू असताना उपचार थांबवायचा का, हा शेवटी डॉक्टरांनी ठरवायचा प्रश्न आहे. आजार तीव्र असेल, हृदय किंवा फुप्फुस आधीच कमकुवत असेल, तर एकेक रात्र महाग पडते आणि दुसरे यंत्र उसने मिळवणे जास्त शहाणपणाचे. विशेषतः ज्यांचा श्वास बायपॅप किंवा व्हेंटिलेटरवर अवलंबून आहे, त्यांनी स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नये. ज्यांना दोन-तीन रात्री यंत्राविना काढाव्याच लागतील, त्यांनी कुशीवर झोपावे, डोक्याकडची बाजू थोडी उंच करावी, दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात.

जुने यंत्र घेणाऱ्यांनी जरा जास्त सावध राहावे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत बायपॅप आणि सीपॅप यंत्रे मिळेल त्या किमतीला घरोघर घेतली गेली, देणगीत दिली गेली, नंतर पडून राहिली आणि आता तीच ओळखीतून, ऑनलाइन, निम्म्या किमतीत फिरत आहेत. परत मागवलेल्या काळातली यंत्रे त्यांत असू शकतात. यंत्र उलटे केले, की तळाशी अनुक्रमांक आणि निर्मितीची तारीख छापलेली असते. पैसे देण्यापूर्वी तो क्रमांक कंपनीकडून तपासून घ्यावा, फोम बदललेला आहे का ते लेखी विचारावे, आणि तळाची पट्टी खरवडून काढलेली असेल, तर ते यंत्र घेऊ नये.